सुरीला पितळी गार्ड बसवताना: फट येते कुठून आणि टाळायची कशी

स्वतः सुरी घडवायला लागलेली मुलं माझ्याकडे येतात, तेव्हा बहुतेकांचं दुखणं एकच असतं. पातं छान उतरलेलं असतं, पाणी नीट दिलेलं असतं (म्हणजे तापवून, बुडवून कडक केलेलं असतं), मुठीसाठी शिसवाचा तुकडाही हौसेने आणलेला असतो. पण पातं आणि मूठ यांच्या मध्ये जो पितळेचा तुकडा बसवायचा, तिथे फट. उजेडासमोर धरली की पलीकडचं दिसतं. मग प्रश्न येतो, "काका, ही कशाने भरू?"

मी नवी मुंबईत रबाळ्याच्या एमआयडीसीत फिटर म्हणून आयुष्य काढलं आणि आता ऐरोलीत घरच्या गॅलरीत वाइस, म्हणजे तुकडा आवळून धरायचा शिकंजा, ठोकून हेच काम हौसेने करतो. भरायचं कशाने हे मी शेवटी सांगेन, पण त्याआधी एक गोष्ट मनावर घ्या. फट दिसते गार्डात, म्हणजे त्या पितळेच्या तुकड्यात, पण बहुतेक वेळा तिचं मूळ पात्याच्या खांद्यात, म्हणजे पातं मुठीकडे अरुंद होतं तिथल्या पायरीत असतं. नवीन माणूस मात्र गार्डाचंच भोक कानसत बसतो. भोक मोठं होत जातं आणि फट आहे तिथेच राहते.

गार्डचं काम काय ते आधी पाहू. जोर लावून सुरी पुढे ढकलली की हात घसरून धारेवर जाऊ शकतो, त्याला अडवणारा हा तुकडा. तलवारीच्या मुठीला परज असते, तिची ही धाकटी बहीण. शिवाय मुठीच्या लाकडाचं तोंड तो झाकतो, त्यामुळे तिथून पाणी शिरत नाही आणि लाकूड चिरत नाही. स्वयंपाकघरातल्या सुरीला गार्ड नको. पोळपाटावर कांदा चिरताना तो आडवा येतो, पात्याचा टाचेकडचा भाग दगडावर नीट पाजवता येत नाही. आपल्या विळीला आणि कोयत्याला तो नाही, यामागे पिढ्यांचा अनुभव आहे. बांबू सोलणं, लाकूड तासणं अशा कामाच्या सुरीला मात्र तो हवाच.

कायद्याचं दोन वाक्यांत सांगतो, कारण ठाण्या-नवी मुंबईत राहणाऱ्याने ते माहीत करून घ्यायलाच हवं. शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याच्या सुऱ्या शस्त्रांच्या यादीत येतात. घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी केलेल्या त्यातून वगळल्या आहेत. शिवाय ठाणे पोलीस आयुक्तालयात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश वरचेवर निघतात, त्या काळात सुरी घेऊन बाहेर फिरता येत नाही. येऊरचं जंगल हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, तिथे परवानगीशिवाय शस्त्र नेणं हा गुन्हा आहे. तेव्हा ४ इंची पात्यापासून सुरुवात करा आणि सुरी घरच्या कामाला वापरा.

माप आणि सामान

उदाहरणासाठी एक माप धरू, म्हणजे बोलणं हवेत राहणार नाही. पातं कमानपाट्याचं (गाडीच्या स्प्रिंगच्या पट्टीचं), ४ मिमी जाड, २० मिमी रुंद. मुठीत जाणारा निमुळता भाग, म्हणजे टँग, खांद्यापाशी १२ मिमी रुंद आणि ९० मिमी लांब. म्हणजे वरून आणि खालून ४-४ मिमीचे दोन खांदे राहिले. गार्डची पुढची बाजू याच खांद्यांना टेकणार.

पितळेची ६ मिमी जाड पट्टी घ्या. २५ मिमी रुंद आणि ५० मिमी लांब तुकडा पुरतो. पितळ वजनावर मिळतं. एखाद्या गाळ्यात ओळख असेल तर उरलेले तुकडेही मिळतात, पण तुकडा सरळ आहे का ते काचेवर ठेवून पाहा. नवशिक्याने स्टेनलेसच्या नादी लागू नये. पितळ कानशीला लगेच ऐकतं, आणि हात बसेपर्यंत तेच हवं.

हत्यारं: वाइस, एक चपटी बारीक कानस, सुई कानशींचा संच, सेंटर पंच (भोकाची जागा ठोकून खुणावायला), स्क्राइबर (रेघ ओढायची टोकदार सळई), गुण्या (काटकोन पाहायला), व्हर्नियर (बारीक माप घ्यायला), ३.२ मिमीचं ड्रिल आणि काळा मार्कर. आणखी दोन वस्तू लागतील, त्या नावाने मागून घ्या. लेथवाल्याकडे चौरस एचएसएस टूल बिट, म्हणजे धातू कापायच्या कडक पोलादाच्या कांड्या असतात, त्यातले एकाच मापाचे दोन जुने. आणि प्लंबरकडून अर्धा इंची जीआय पाइपचा वीतभर तुकडा, दोन्ही तोंडं सरळ कापलेला.

खांदे आधी

हे काम पात्याला पाणी देण्याआधीचं. पाणी दिल्यावर कानस नुसती घसरते.

पात्याच्या मध्यातून स्क्राइबरने एक रेघ मारा. पातं टोक खाली करून वाइसमध्ये उभं धरा, दोन्ही बाजूंनी एकेक टूल बिट आडवा. दोन बिटांच्या वरच्या कडा एका पातळीत हव्यात. गुण्याची पट्टी दोघांवर आडवी टाकून बघा, डुलली तर पुन्हा बसवा. मधली रेघ बिटांशी काटकोनात आहे का तेही गुण्याने पाहा. खांदे बिटांच्या वर केसभर डोकावतील इतकंच पातं वर ठेवा आणि वाइस घट्ट आवळा.

आता कानस आडवी चालवा. टँगकडची कानशीची कड आधी दगडावर घासून गुळगुळीत केलेली असू द्या, नाहीतर खांदा सरळ होईल आणि टँगला खाच पडेल. पोलाद कापलं जात असतं तोवर कानशीचा आवाज खरखरीत येतो. ती बिटाला टेकली की आवाज पातळ होतो आणि हाताला काच चोळल्यासारखं लागतं. तिथे थांबा. दोन्ही खांदे आता एका रेषेत आहेत, आणि ती रेषा तुमच्या नजरेने नाही, बिटाने ठरवली आहे. मी इतकी वर्षं कानस धरली, तरी खांद्याच्या बाबतीत नुसत्या नजरेवर विसंबत नाही.

खांदा आणि टँग जिथे मिळतात तो आतला कोपरा धारदार ठेवू नका. पाणी देताना तडा जातो तो तिथूनच, आणि पुढे सुरी वाकली तर मोडतेही तिथेच. ३ मिमीच्या गोल सुई कानशीने तिथे छोटी गोलाई द्या. ही गोलाई लक्षात ठेवा, पुढे हीच गार्डला अडवणार आहे.

टँगला जाडीत उतार द्या: खांद्यापाशी ४ मिमी, शेवटाला ३ मिमी. उतार सलग हवा, मध्ये कुठे पोट नको. रुंदीतही तसाच थोडा उतार द्या.

मग पाणी द्या, ताव उतरवा (पातं पुन्हा हलकं तापवून ठिसूळपणा घालवा) आणि पात्याचा सपाट गळा, म्हणजे धारेचा उतार सुरू होण्याआधीचा भाग, शेवटच्या पॉलिश पेपरपर्यंत घोटून पूर्ण करा. हे आत्ताच करायचं. गार्ड बसवल्यावर गळा घोटलात तर तिथली जाडी कमी होते आणि गच्च बसलेला गार्ड सैल पडतो. धार मात्र अजिबात लावू नका, ती सगळ्यात शेवटी. बोथट पात्यालाही कापडी टेप गुंडाळून ठेवा.

भोक

गार्डला बाहेरचा आकार आत्ता देऊ नका. आधी भोक, मग आकार. भोक अर्धा मिलिमीटर सरकलं तर बाहेरचा आकार त्याच्याभोवती सरकवून घेता येतो. उलट केलंत तर तुकडा वाया.

तुकड्याची पुढची बाजू मार्करने काळी करा आणि मध्यरेघ ओढा. तिच्यावर एकमेकांपासून ४ मिमीवर तीन पंच मारा. ३.२ मिमीच्या ड्रिलने तिन्ही भोकं पाडली की सगळी मिळून ११.२ मिमी लांबी होते, म्हणजे १२ च्या टँगला चारी बाजूंनी ०.४ मिमी कानसायला उरतं.

पितळेत ड्रिल करताना सावध राहा. पोलादासाठी पाजलेलं ड्रिल पितळेत स्क्रूसारखं ओढलं जातं, विशेषतः पलीकडे बाहेर पडताना. तुकडा हातात धरला असेल तर तो भिंगरीसारखा फिरतो आणि बोटं फाडतो. माझ्या शेजारच्या बेंचवरच्या एका पोराचा अंगठा असा गेलेला मी पाहिला आहे. म्हणून तुकडा वाइसमध्येच आवळायचा, डोळ्यांवर चष्मा घालायचा, आणि ड्रिलच्या दोन्ही कापणाऱ्या कडांवर धारेच्या दगडाचा एकेक हलका हात मारून त्यांचा टोकदारपणा घालवायचा. असं ड्रिल पितळ ओढत नाही, खरवडतं. ते पितळेसाठी वेगळंच ठेवा. बेंच ड्रिल नसेल तर हे पाच मिनिटांचं काम एखाद्या गाळ्यातून करून आणा. हातातल्या ड्रिलने भोक तिरकं गेलं तर पुढचं सगळं तिरकं जातं.

भोकांमधले पातळ पडदे सुई कानशीने तोडा, एक लांबट फट तयार होईल. ही टँग जायची फट, नको असलेली उजेडाची फट वेगळी. चपट्या सुई कानशीने ती चौकोनी करत न्या. कानस डोलू देऊ नका. ती डोलली की फटीचं तोंड गोल होतं, आणि पुढच्या बाजूचं गोल झालेलं तोंड म्हणजे कायमची दिसणारी फट. नवीन असाल तर दहा हात मारा, थांबा, उजेडात पाहा, मग पुढचे दहा.

इथे कुठे काळजी घ्यायची आणि कुठे थोडं सैल राहिलं तरी चालतं, ते समजून घ्या. फटीच्या लांबीत, म्हणजे १२ मिमीच्या बाजूला, थोडं जास्त कानसलं गेलं तर खांदे ते झाकून टाकतात. जाडीत, म्हणजे ४ मिमीच्या बाजूला, झाकायला काहीच नाही. पात्याचा गळा तिथून थेट पितळेत शिरतो आणि कागदाएवढी फटही डोळ्यात भरते. म्हणून जाडीत व्हर्नियर ३.९ दाखवू लागला की कानस खाली ठेवा.

आता टँगच तुमचं माप सांगेल. ९० मिमीत १ मिमीचा उतार आहे, म्हणजे फट टँगच्या खांद्याकडच्या जाडीपेक्षा ०.१ ने कमी असेल तर गार्ड खांद्यापासून ९ मिमीवर अडकतो. फट ०.०१ ने वाढली की तो जवळपास एक मिलिमीटर पुढे सरकतो. इतकी बारीक गोष्ट व्हर्नियरवर वाचता येत नाही, पण पट्टी लावून मोजता येते. टँगला उतार द्यायला सांगितला तो यासाठीही.

टँग मार्करने काळी करा. आमच्या जुन्या फोरमनकाकांना मार्कर आवडत नसे, ते दिव्याची काजळी धरायचे. ती खरंच जास्त बारीक दाखवते. गार्ड हाताने सरकवा, अडेल तिथे थोडा दाबा, काढा आणि पाहा. जिथे पितळ घासलं गेलं तिथे पोलादावर पिवळी रेघ उमटलेली असते आणि फटीच्या आत काळा ठिपका. फक्त तो ठिपका कानसा. शेजारची जागा कानसायचा मोह होतोच, तिला हात लावू नका. पुन्हा काळं करा, पुन्हा सरकवा. हे पंधरा-वीस वेळा करावं लागतं. घाई करणाऱ्याचा गार्ड बिघडतो तो याच टप्प्यावर.

हाताच्या जोराने गार्ड खांद्यापासून एक-दीड मिलिमीटरवर येऊन थांबू लागला की कानसणं बंद. राहिलेलं अंतर ठोकून पार करायचं, त्यानेच तो गच्च बसतो. त्याआधी फटीच्या मागच्या बाजूने कानस किंचित तिरकी धरून मागचं तोंड थोडं मोकळं करा, म्हणजे पकड पुढच्या २ मिमीतच राहील.

आणि ती कोपऱ्यातली गोलाई. फटीच्या दोन्ही टोकांना, पुढच्या बाजूने, २ मिमीचा तिरका काप द्या. खांदा ४ मिमीचा आहे, तो काप त्याच्याखाली झाकला जातो. हा काप विसरलात तर गार्ड गोलाईवर चढून बसतो आणि खांद्याखाली केसभर उजेड राहतो. कितीही ठोका, जात नाही. मुलं माझ्याकडे जे गार्ड घेऊन येतात, त्यातले कितीतरी या एका कापाने जागच्या जागी बसले आहेत.

पुढची बाजू आणि पहिली ठोक

गार्डची पुढची बाजू आत्ताच घोटून घ्यायची, पात्यावर चढल्यावर तिथे हात जात नाही. काचेच्या तुकड्यावर पॉलिश पेपर ठेवा: २२०, ४००, ६००, ८००. तुकडा एका दिशेने ओढा, पेपर बदलला की दिशा नव्वद अंशांनी बदला. आधीच्या रेघा पूर्ण गेल्याशिवाय पुढचा पेपर घेऊ नका.

पातं टोक खाली करून, दोन्ही बाजूंना लाकडाच्या फळ्या घालून वाइसमध्ये धरा. गार्ड टँगवर ठेवा, त्यावर जीआय पाइपचा तुकडा उभा करा. पाइप आतून साधारण १६ मिमी असतो, त्यामुळे टँग आत सहज मावते. पाइपच्या डोक्यावर लहान हातोडीने हलक्या ठोका द्या. आधी आवाज मंद येतो, ठप ठप, आणि प्रत्येक ठोकेला गार्ड थोडा उतरतो. खांद्याला टेकला की आवाज एकदम बदलतो, टण्ण वाजतो, आणि ठोक हातात परत येते. त्यानंतर एकही ठोक नको. आणि दुपारी दोन ते चार हे काम करू नका, खालच्या मजल्यावर कुणीतरी झोपलेलं असतं.

मागे मोबाइलचा टॉर्च लावा आणि चारी बाजूंनी पाहा. दोन्ही खांद्यांखाली उजेड दिसला तर तो काप अपुरा आहे. एकाच खांद्याखाली दिसला तर खांदे एका रेषेत नाहीत. परत टूल बिटांकडे जा, पण आता पाणी दिलेलं आहे, त्यामुळे कानशीऐवजी काचेच्या अरुंद पट्टीवर पॉलिश पेपर चिकटवून घासा. गळ्याच्या बाजूला उजेड दिसला तर फट जास्त मोठी झाली आहे. ती ०.१ मिमीपर्यंत असेल तर वाचवता येते. गार्ड काढा, लोखंडी ठोकळ्यावर ठेवा, आणि गोल तोंडाच्या हातोडीने फटीच्या कडेला पुढच्या बाजूने हलके ठोके देत जा. पितळ आत सरकतं. मग पुढची बाजू पुन्हा काचेवर घोटा. त्याहून मोठी असेल तर तुकडा बाजूला ठेवा आणि नवा घ्या. सामान थोडंसंच गेलं, हात मात्र शिकला.

चिकटवणं

सोल्डर करू नका. चांदी मिसळलेलं कथलाचं सोल्डर २२१ अंशांना वितळतं, आणि आपण पात्याचा ताव उतरवलेला असतो २०० अंशांच्या आसपास. थोडी उष्णता पुढे गेली की गळ्यापासची धार मऊ पडते. शिवाय सोल्डर धरावं म्हणून लावतात तो फ्लक्स आम्लाचा असतो. खायच्या सोड्याच्या पाण्याने नीट मारला नाही तर आतून गंज धरतो. अनुभवी माणसं ते सुरेख करतात, पण पहिल्या पाच सुऱ्यांवर नको.

इपॉक्सी घ्या, लवकर सुकणारी नको, सावकाश सुकणारी. टँगचा जो भाग मुठीत लपणार तो खरखरीत पेपरने घासा. सगळं थिनरने पुसा आणि मग बोट लावू नका. हवा दमट असेल तर आधी पातं आणि गार्ड पिवळ्या बल्बखाली कोमट करून घ्या, पावसाळ्यात तर हटकून. खांद्यांवर आणि फटीत पातळ थर लावा, गार्ड पाइपने ठोकून बसवा. पुढच्या बाजूला जी इपॉक्सी बाहेर येते ती लगेच थिनरमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने पुसा, दर वेळी नवी काडी. दहा मिनिटांनी पुन्हा पाहा, थोडी आणखी आलेली असते. मग २४ तास हात लावू नका.

इपॉक्सी इथे फट भरायला नाही, पाणी अडवायला आहे. माझ्या पहिल्या सुरीला मी फट मोठी करून बसलो होतो आणि इपॉक्सीने भरून टाकली होती. दिवाळीत सुरेख दिसत होती. ऐरोलीत खाडीवरून येणारी हवा खारट, त्यावर चार महिन्यांचा पाऊस. पुढच्या भाद्रपदात पाहतो तर पितळेच्या कडेने तांबूस रेघ. पितळ आणि साधं पोलाद एकमेकांना टेकलेले असताना मध्ये ओल शिरली की पोलाद आधी गंजतं. मूठ फोडून काढली, आत टँग खवल्याखवल्यांनी सुटत होती. ते पातं मी टाकलं नाही, अजून बेंचच्या खणात आहे, आणि नवीन मूल आलं की आधी ते त्याच्या हातात देतो.

दुसऱ्या दिवशी बाहेरचा आकार घ्या. पात्याला जाड टेप गुंडाळा, पितळेचा कीस गळ्यावर घासला गेला तर ओरखडे उठतात. हॅक्सॉने जास्तीचं काढा, मग कानस. धारेच्या बाजूला गार्ड पात्याच्या खाली ८ ते १० मिमी उतरू द्या, बोट अडायला तेवढं पुरतं. पाठीच्या बाजूला २-३ मिमी, नाहीतर अंगठा टेकवायला जागा राहत नाही. सगळ्या कडांचा टोकदारपणा कानशीने घालवा. मागची बाजू मात्र धारदार कोपऱ्यांची आणि सपाटच ठेवा, मुठीचं लाकूड तिथे चपखल बसायचं आहे.

मूठ बसली, सुकली की जोडाच्या रेषेवर मेणाचा एक हात फिरवा. मग टेप काढा आणि धार लावायला बसा.